लाकडी फाटक का झुकते, आणि न झुकणारे कसे बनवावे?





दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो, "सर, मुलांना सुट्टीत काय करायला द्यावे?" वह्या भरून आणण्याचा गृहपाठ मुले शेवटच्या दोन दिवसांत उरकतात, हे आपण सर्वच जाणतो. म्हणून यंदा एक वेगळे काम सुचवीत आहे. ज्यांच्या घरी अंगण आहे, परसबाग आहे, तारेचे किंवा मेंदीचे कुंपण आहे, त्यांनी मुलांना सोबत घेऊन त्या कुंपणाला एक लाकडी फाटक बनवावे. काम फार अवघड नाही. मात्र त्यात भूमिती आहे, विज्ञान आहे, हिशेब आहे आणि घाम गाळणेही आहे.

इंदूरच्या जुन्या वस्त्यांतून एक फेरी मारा आणि लाकडी फाटके नीट पाहा. पुष्कळशी फाटके कडीच्या बाजूने खाली झुकलेली दिसतील. घरची माणसे ते उचलून, ढकलून बंद करतात. जमिनीवर अर्धगोल चर पडलेला असतो. शेवटी कोणीतरी त्याला सुतळी बांधतो किंवा खाली वीट लावतो. लाकूड खराब होते म्हणून असे झाले, असे लोक समजतात. पण बहुतेक वेळा लाकूड चांगले असते, आणि फाटकाची रचनाच चुकलेली असते. ही चूक कोणती, हे इयत्ता सातवीच्या मुलालाही समजू शकते. ते आधी समजून घेऊ आणि मग करवतीला हात लावू.

दार आणि फाटक यांतील फरक

घराच्या दाराला चारही बाजूंनी चौकट असते, वर छत असते, खाली उंबरठा असतो. बंद केलेले दार चौकटीत बसते आणि दिवसाचा बराच वेळ त्याला आधार मिळतो. पाऊस थेट अंगावर येत नाही. राजवाड्याचे लोखंडी खिळ्यांनी मढवलेले प्रचंड लाकडी द्वार तुम्ही पाहिले असेल. तेवढे जड द्वारही भक्कम भिंतीत बसवलेले आहे.

कुंपणाच्या फाटकाचे तसे नाही. ते उघड्यावर असते आणि एकाच बाजूने, दोन बिजागऱ्यांवर लोंबत असते. दुसरी बाजू अधांतरी. ऊन, पाऊस आणि मुले, तिघांचाही मार त्याला सोसावा लागतो. म्हणून फाटक बनवताना तीन गोष्टींचा विचार करावा लागतो : त्याचा आकार बदलू नये, त्याचा खांब कलू नये आणि त्यात पाणी मुरू नये. या तीन गोष्टी साधल्या की फाटक वर्षानुवर्षे टिकते.

चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही

एक छोटा प्रयोग करा. जाड पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कापा आणि टोकांना टाचण्या लावून त्यांचा चौकोन करा. एका कोपऱ्याला बोटाने ढकला. चौकोन लगेच तिरका होईल. चारही बाजूंची लांबी तीच राहिली, तरी आकार बदलला. आता तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा व ढकलून पाहा. पट्टी वाकेल किंवा टाचणी निघेल, पण त्रिकोणाचा आकार बदलणार नाही.

याचे कारण तुमच्या भूमितीच्या पुस्तकातच आहे. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण एकच बनू शकतो. मराठी पुस्तकात हिला 'बाबाबा' कसोटी म्हणतात, हिंदी पुस्तकात 'भुजा-भुजा-भुजा'. चार बाजू ठरल्या तरी चौकोन मात्र अनेक बनतात. म्हणून नुसत्या उभ्या आणि आडव्या पट्ट्यांचे फाटक कितीही खिळे ठोकले तरी हळूहळू तिरके होते. खिळा हा जवळजवळ टाचणीसारखाच वागतो, कारण पट्टी त्याच्याभोवती थोडी फिरते. चौकोनाचे दोन त्रिकोण करायला त्यात एक तिरपी पट्टी हवी. पुलांचे लोखंडी सांगाडे, विजेचे उंच मनोरे, कौलारू घराच्या कैच्या, या सर्वांत त्रिकोणच का दिसतात, याचेही उत्तर हेच आहे.

तिरपी पट्टी कोणत्या दिशेने?

इथे पुष्कळ जण फसतात. तिरपी पट्टी असते, पण उलटी लावलेली असते. नियम लक्षात ठेवा : लाकडी तिरप्या पट्टीचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचे टोक कडीच्या बाजूला असावे.

असे का? फाटकाची अधांतरी बाजू आपल्या वजनाने खाली येऊ पाहते. वर सांगितल्याप्रमाणे पट्टी लावली, तर ते वजन पट्टीला टोकाकडून दाबते, आणि पट्टी तो दाब खालच्या बिजागरीपाशी पोहोचवते. भिंतीवरच्या फळीखाली आपण तिरपा टेकू देतो, अगदी तसेच. लाकूड दाब छान सोसते. उलट लावलेल्या पट्टीवर मात्र ताण येतो, म्हणजे ती दोन्ही टोकांकडून ओढली जाते. लाकूड स्वतः ताणही सोसते, परंतु टोकाचे दोन-चार स्क्रू तो फार काळ सोसत नाहीत. भोके मोठी होतात आणि फाटक झुकते.

लाकडाऐवजी लोखंडी सळई किंवा तार लावायची असेल, तर दिशा बरोबर उलटी : वरच्या बिजागरीपासून कडीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे. तारेला दाब सोसवत नाही, ती वाकते. ताण मात्र उत्तम सोसते. आपल्या गल्लीतील एखादे झुकलेले फाटक पाहा आणि त्याची पट्टी कोणत्या दिशेला आहे ते वहीत नोंदवा. वर्गात येऊन सांगा.

वजनाचा हिशेब

आपण ९७.५ सेंटीमीटर रुंद आणि ११० सेंटीमीटर उंच फाटक घेऊ. सागवानी लाकडात त्याचे वजन साधारण १६ किलो होईल. हे वजन फाटकाच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून सुमारे ४९ सेंटीमीटरवर आहे असे समजा. दोन बिजागऱ्यांमध्ये ८० सेंटीमीटर अंतर आहे. तर वरची बिजागरी खांबापासून बाहेर ओढणारे बल किती?

१६ × ४९ ÷ ८० = जवळजवळ १० किलो वजनाइतके.

हे काही फार नाही. आता ३० किलो वजनाचा एक मुलगा कडीच्या टोकाला लटकून झोके घेऊ लागला. त्याने वाढलेले बल ३० × ९७.५ ÷ ८०, म्हणजे सुमारे ३६.५ किलो. एकूण ४६ किलोच्या वर गेले. झोक्याचा हिसका बसला की याहूनही जास्त. आणि दोन बिजागऱ्या फक्त ४० सेंटीमीटर अंतरावर लावल्या असत्या, तर हाच आकडा दुप्पट, म्हणजे ९२ किलोच्या पुढे गेला असता.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, बिजागऱ्यांमधील अंतर जितके जास्त ठेवता येईल तितके ठेवा. दुसरी, फाटकावर लटकू नका. मोठी माणसे रागावतात ती उगाच नव्हे. जड फाटक मुलांच्या अंगावर पडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचाव्या लागतात. ज्या मुलाने हा हिशेब स्वतःच्या हाताने केला, त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

खांब आणि आपली काळी माती

माळव्याची काळी माती पिकाला उत्तम, बांधकामाला त्रासदायक. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. या हालचालीत उथळ खांब दरवर्षी थोडाथोडा कलतो. मग फाटक सरळ असूनही कडी लागत नाही.

म्हणून खड्डा किमान ७० सेंटीमीटर खोल घ्या. त्याआधीच मुरूम लागला तर उत्तम, पण खोली कमी करू नका. तळाशी १० सेंटीमीटर खडी टाका, म्हणजे पाणी खाली झिरपून जाईल. त्यावर खांब उभा करा, ओळंबा लावून दोन बाजूंनी सरळ आहे की नाही ते पाहा, आणि भोवती १ भाग सिमेंट, २ भाग वाळू व ४ भाग खडी या प्रमाणात काँक्रीट भरा. वरचा थर जमिनीपेक्षा थोडा उंच व बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. खांबाशी पाणी साचता कामा नये. लाकडी खांब कुजतो तो नेहमी जमिनीच्या पातळीवर, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात.

काँक्रीटला सात दिवस रोज पाणी मारा आणि तोपर्यंत खांबावर फाटक टांगू नका. सुट्टी लागताच पहिल्या दिवशी खांब उभे करावेत. तो आठवडा लाकूडकामात जाईल. पावसाळ्यानंतर जमीन अजून मऊ असते, म्हणून खड्डा खणायला दिवाळी सोयीची.

ज्यांच्याकडे विटांचे पक्के खांब आहेत, त्यांनी गवंड्याला बोलावून बिजागरीचे लोखंडी आकडे सिमेंटमध्ये बसवून घ्यावेत.

लाकूड कोणते घ्यावे?

मध्यप्रदेशच्या जंगलांतील सागवान प्रसिद्ध आहे. सागाच्या गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट लाकडात मात्र हा गुण नसतो. 'साग आहे ना' एवढ्यावर समाधान न मानता सोनेरी-तपकिरी गाभा पाहून फळ्या निवडा. नवे सागवान महाग वाटले, तर जुने वाडे पाडताना निघालेल्या सागाच्या फळ्या विकत मिळतात. चांगले मुरलेले, वाळलेले लाकूड असते. फक्त त्यातले जुने खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर करवतीचे दात जातात. बाभळीचे लाकूड मजबूत, पण जड आणि रंध्याला दाद न देणारे. खोक्यांचे पांढरे लाकूड स्वस्त असते, पण उघड्यावर ते लवकर कुजते.

ओले लाकूड घेऊ नका. ते वाळताना पीळ खाते. फळी डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, तिच्या कडेवरून पाहा. वाक किंवा पीळ लगेच दिसेल.

सामानाची यादी

दोन खांबांमधील मोकळी जागा १०० सेंटीमीटर धरली आहे. बिजागरीकडे १ आणि कडीकडे १.५ सेंटीमीटर फट सोडली की फाटकाची रुंदी ९७.५ सेंटीमीटर येते.

— उभ्या पट्ट्या : १० नग, प्रत्येकी ११० × ७.५ × २ सेंटीमीटर
— आडव्या पट्ट्या : २ नग, प्रत्येकी ९७.५ × ७.५ × ३.५ सेंटीमीटर
— तिरपी पट्टी : १ नग, ७.५ × ३.५ सेंटीमीटर, लांबी सुमारे ११५ (कापताना थोडी जास्त घ्यावी)
— ४५ मिलिमीटरचे स्क्रू : ५०, जस्ताचा मुलामा दिलेले किंवा पितळी
— टी आकाराच्या बिजागऱ्या : २, लांब पट्टीच्या, बोल्टसह
— कडी-कोयंडा : १

विद्यार्थ्यांसाठी दोन प्रश्न. पहिला : १० पट्ट्यांमध्ये ९ फटी येतात, तर प्रत्येक फट केवढी? ९७.५ मधून ७५ वजा करा, २२.५ उरतात, भागिले ९, म्हणजे २.५ सेंटीमीटर. दुसरा : एकूण लाकूड किती? वरील मापांचा गुणाकार करून बेरीज केली तर सुमारे २४,६३८ घन सेंटीमीटर येते. वखारीत लाकूड घनफुटात विकतात आणि एक घनफूट म्हणजे २८,३१७ घन सेंटीमीटर. कापण्यात, रंधण्यात काही भाग वाया जातो, म्हणून एक घनफूट मागावे. सुतार इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतात, म्हणजे जवळजवळ ३ मिलिमीटर. वखारीत हा शब्द कानावर पडेल तेव्हा गोंधळू नका.

जोडणी : एकेक पायरी

१. सर्व पट्ट्या मापाने कापा, रंधा मारा आणि काचकागदाने घासा. उभ्या पट्ट्यांची वरची टोके सपाट न ठेवता तिरपी कापा, म्हणजे पाणी ओघळून जाईल.

२. सपाट फरशीवर दोन आडव्या पट्ट्या समांतर ठेवा. एकीचा मध्य वरच्या टोकापासून १५ आणि दुसरीचा खालच्या टोकापासून १५ सेंटीमीटरवर येईल. दोघींत मध्यापासून मध्यापर्यंत ८० सेंटीमीटर अंतर राहील. बिजागऱ्या याच पट्ट्यांवर बसणार आहेत.

३. दोन कडांच्या उभ्या पट्ट्या त्यांवर ठेवून प्रत्येक सांध्यात फक्त एकच स्क्रू लावा. स्क्रूआधी गिरमिटाने बारीक भोक पाडा. भोक न पाडता स्क्रू पिळला तर टोकाजवळ लाकूड चिरते.

४. आता काटकोनाची परीक्षा. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही तिरपी अंतरे मोजा. आपल्या फाटकात ती १४७ सेंटीमीटर आली पाहिजेत (९७.५ चा वर्ग अधिक ११० चा वर्ग, त्याचे वर्गमूळ काढून पाहा). एक अंतर जास्त आणि दुसरे कमी असेल, तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर हलकेच दाब द्या. दोन्ही अंतरे सारखी झाली की सांध्यांत दुसरा स्क्रू लावा. दोन्ही स्क्रू एका रेषेत नसावेत, कर्णावर असावेत.

५. तिरपी पट्टी आडव्या पट्ट्यांमध्ये ठेवा : खाली बिजागरीकडे, वर कडीकडे. टोके आडव्या पट्टीच्या टोकापासून थोडी आत असावीत. पेन्सिलीने खूण करून कापा. दोन्ही आडव्या पट्ट्यांत पटाशीने दीड सेंटीमीटर खोल खाच पाडा आणि तिरप्या पट्टीची टोके त्यांत घट्ट बसवा. दाब खाचेने घ्यायचा आहे. स्क्रूचे काम फक्त पट्टी जागेवर ठेवण्याचे. संपूर्ण फाटकात सर्वात जास्त निगुतीने करायचा भाग हाच आहे.

६. उरलेल्या आठ उभ्या पट्ट्या लावा. प्रत्येक फट मोजत बसण्यापेक्षा २.५ सेंटीमीटर जाडीचा एक ठोकळा मध्ये ठेवून पुढे सरका. प्रत्येक उभी पट्टी जिथे तिरप्या पट्टीला ओलांडते, तिथेही एक स्क्रू द्या.

७. बिजागरीची लांब पट्टी आतल्या बाजूने आडव्या पट्टीवर ठेवून बोल्टने कसा. फाटक अंगणाच्या आत उघडावे. रस्त्यावर उघडले तर जाणाऱ्या-येणाऱ्याला लागते.

८. टांगताना फाटकाखाली विटा व लाकडाच्या चिपा ठेवून ते जमिनीपासून ७ सेंटीमीटर उचलून धरा. कडीची बाजू एक सूत उंच ठेवा, कारण सुरुवातीला सांधे थोडे बसतात. मग खांबावर खुणा करा, भोके पाडा, बिजागऱ्या कसा आणि विटा काढा. फाटक अर्धे उघडून सोडा. ते आपोआप फिरले, तर खांब किंवा बिजागऱ्या ओळंब्यात नाहीत असे समजावे.

पाण्यापासून बचाव

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. झाड जिवंत असताना याच नळ्यांतून पाणी चढत असते. म्हणून पट्टीच्या कापलेल्या टोकातून पाणी जितके शिरते, तितके तिच्या अंगावरून शिरत नाही. रंग किंवा तेल देताना टोकांना दोनदा जास्त द्या, आणि सांध्यात लपणाऱ्या भागांना जोडण्यापूर्वीच द्या. नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.

लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. हा फरक रुंदीत जाणवतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणूनच पट्ट्यांमध्ये फट हवी. अगदी भिडवून लावलेल्या फळ्या श्रावणात एकमेकींना ढकलून फाटक वाकडे करतात.

सागवानाला जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात पुरतात. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. रंग द्यायचा असेल तर एक हात प्रायमर व दोन हात तेलरंग. एक सूचना गांभीर्याने सांगतो. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा केलेल्या फडक्यांना आपोआप आग लागू शकते. ती बाहेर मोकळी पसरून पूर्ण वाळवावीत, मगच टाकावीत.

कोणी काय करावे?

पाचवी-सहावीच्या मुलांनी मोजणे, खुणा करणे, घासणे व तेल देणे. आठवीच्या पुढच्यांनी हातकरवत, रंधा व गिरमिट, मोठी माणसे जवळ असताना. विजेवर चालणारी करवत फक्त मोठ्यांनी चालवावी. घासताना आणि भोके पाडताना चष्मा घालावा. मुलींना फक्त रंगवायला बसवू नये. करवत कोणाच्याही हाताला सारखीच शिकवते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हिरमुसून जाऊ नये. एकास पाच या प्रमाणात, म्हणजे १९.५ × २२ सेंटीमीटरचे छोटे फाटक आइसक्रीमच्या काड्यांचे करा. एक तिरप्या काडीचे, एक तिच्याशिवाय. दोन्हींना टोकाला सारखे वजन टांगून पाहा.

अवजारे आणि आपले शब्द

आपल्या शहरात अवजारांच्या दुकानात गेलो की हिंदीतच मागावे लागते, आणि त्यात वाईट काही नाही. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, दोन्ही भाषांचे माझ्यावर ऋण आहे. पण घरात आजोबा जो शब्द वापरत, तो नातवाला माहीत असावा असे वाटते. म्हणून ही छोटी जोडशब्दांची यादी, आधी मराठी आणि मग बाजारातला शब्द : बिजागरी – कब्जा, करवत – आरी, रंधा – रंदा, पटाशी – छेनी, गुण्या – गुनिया, ओळंबा – साहुल, गिरमिट – बरमा, खिळा – कील, कोयंडा – कुंडा, कुंपण – बागड. काही शब्द सख्खी भावंडे आहेत, काही अगदी वेगळे. मुलांनी आजी-आजोबांना विचारून यादी वाढवावी. निवडक शब्द पुढील अंकात छापू.

पालक व विश्वस्तांना विनंती

हाताने काम करून शिकण्याची गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकण्याचे सुचवले आहे. धोरणे चांगलीच आहेत. परंतु शाळाशाळांतून कार्यानुभवाचा तास बहुधा फाइलीत चित्रे चिकटवण्यात संपतो, आणि त्या फाइलीही कित्येकदा आई रात्री जागून पूर्ण करते.

विश्वस्त मंडळींना नम्र विनंती की शाळेसाठी सुतारकामाच्या हत्यारांचे चार संच घेण्याचा विचार व्हावा : करवत, रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट, हातोडा आणि ओळंबा. दप्तराविना दहा दिवसांत एखाद्या अनुभवी सुतारकाकांना मानधन देऊन सन्मानाने बोलवावे आणि शाळेच्या परसबागेचे फाटक आठवीच्या मुलांकडून करून घ्यावे. तयार लोखंडी फाटक एका दिवसात बसेल, हे मान्य. पण त्यातून मुलांना कर्णाची लांबी कळणार नाही, आणि सुताराकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही बदलणार नाही. फळी डोळ्यासमोर धरून तिचा पीळ ओळखणारा माणूस भूमिती जाणतो, फक्त पुस्तकाशिवाय जाणतो. आपल्या मुलांनी त्याला 'काका' म्हणून नमस्कार करावा आणि त्याच्याकडून शिकावे.

पालकांना इतकेच सांगणे आहे की मुलाच्या हातून एखादी पट्टी आखूड कापली गेली, तर रागावू नका. ती पट्टी फटीच्या ठोकळ्यासाठी वापरता येते. मात्र मापन त्यालाच पुन्हा करू द्या.

सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा प्रत्येकाने आपल्या फाटकाचे मापासहित चित्र घेऊन यावे : दोन्ही कर्ण किती आले, तिरपी पट्टी कोणत्या दिशेने लावली, आणि कडी न उचलता लागते की नाही. चित्रे सभागृहातील फलकावर लावू.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.

आपला,
प्राचार्य